लेझर करून पाच-सात वर्षं झालेल्यांनो, आता केसांची काय परिस्थिती आहे?

रानजाई

लेझर हेअर रिमूव्हलवर इथे आधीचे दोन-तीन धागे आहेत, पण सगळ्यांत तेच: कुठे करू, किती घेतात, दुखतं का. 'चौथं सिटिंग झालं, मस्त गुळगुळीत वाटतंय' इथवर गाडी येते आणि मंडळी गायब. मला त्यापुढचं हवंय. पॅकेज संपून चार-पाच वर्षं उलटली, मध्ये बाळंतपण झालं, वजन वाढलं-उतरलं, गोळ्या सुरू झाल्या किंवा सुटल्या, अशांनी लिहा.

आधी माझं सांगते. लग्नाच्या बऱ्याच आधी पुण्यात काखा, पाय आणि हनुवटी केली होती. डायोड मशीन. काखा आज जवळजवळ साफ आहेत. चार-सहा केस येतात, तेही इतके बारीक की लक्षातच येत नाहीत. पोटऱ्यांवर परिणाम छान टिकलाय. मांड्यांवर विरळ आहेत, अधूनमधून रेझर फिरवते. आणि हनुवटी! सगळी गोची तिथे आहे. सिटिंग चालू होती तोवर झकास. थांबवली आणि काही महिन्यांत जबड्याच्या खाली, डावीकडे, त्याच त्या ठरलेल्या जागी जाड काळे केस परत हजर. बोट फिरवलं की खुंट लागतो. मला पीसीओडी (अंडाशयाचा, हॉर्मोन्स बिघडवणारा त्रास) आहे, हेही सांगून ठेवते.

आता बघा, बाई तीच, मशीन तेच, करणारीही तीच, आणि तीन जागांचे निकाल तीन. म्हणून 'लेझरचा उपयोग होतो का हो?' असं मोघम विचारण्यात काही अर्थ नाही असं माझं मत झालंय. कुठल्या जागेचा केस आणि तो तिथे कशामुळे आलाय, हे आधी.

तर लिहिताना जागा, मशीन माहीत असेल तर मशीन, साधारण किती वर्षं झाली आणि हॉर्मोन्सचं काही आहे का, एवढं टाका. क्लिनिकांची नावं नकोत, नाहीतर उद्या सकाळपर्यंत धागा जाहिरातींनी भरेल.

तिखटमीठ

काखा. मुंबई. नोकरी लागल्या लागल्या केलं, आता मुलगा पहिलीत आहे. सांगण्यासारखं काही नाही कारण केसच नाहीत. वॅक्सिंगने दर वेळी केसतोड व्हायचे ते थांबले, काळेपणाही उतरला. माझे पैसे वसूल.

चकली

+१. काखांच्या बाबतीत कोणी रडताना मी अजून ऐकलं नाहीये.

गवतीचहा

मग माझं ऐका. माझ्या गालांवर नुसती लव होती, केस म्हणावेत असं काही नव्हतं. घराजवळच्या पार्लरमध्ये ऑफर होती, 'मॅडम, फेशियलसोबत हेही करून घ्या, चेहरा उजळ दिसेल.' मशीन बहुतेक आयपीएल होतं, म्हणजे खरं लेझर नाही, तीव्र प्रकाशाचे झटके देणारं. पहिले काही महिने खरंच छान वाटलं. वर्षभरात कल्ल्यांच्या खाली, गालाच्या कडेने आणि कानाखाली मानेकडे काळे केस यायला लागले. म्हणजे जिथे मशीन लावलंही नव्हतं तिथेसुद्धा! पार्लरवालीचं उत्तर ठरलेलं: 'तुमचे हॉर्मोन्स.' सगळ्या तपासण्या केल्या, सोनोग्राफीसकट. सगळं नॉर्मल. आता दर आठवड्याला थ्रेडिंग. असं कोणाला झालंय का, की मी एकटीच?

आडुळसा

गवतीचहा, तुम्ही एकट्या नाही. मी त्वचारोगाची डॉक्टर आहे, सविस्तर लिहिते.

लेझर केस जाळतं असं सगळ्यांना वाटतं. खरं काम त्याखाली चालतं. केसातला काळा रंग, म्हणजे मेलॅनिन, प्रकाश शोषून घेतं, त्याची उष्णता होते आणि ती बाजूच्या मुळापर्यंत, तिथल्या नवा केस घडवणाऱ्या पेशींपर्यंत पोचते. त्या पेशी पुरेशा भाजल्या तर तिथून केस येत नाही. योग्य रंगाचा प्रकाश, योग्य तेवढाच वेळ दिला तर आजूबाजूची त्वचा वाचवून नेमकं लक्ष्यच तापवता येतं, हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या दोघांनी १९८३ मध्ये मांडलं. आजची सगळी मशीनं त्यावरच चालतात.

यातून तीन गोष्टी आपोआप निघतात. पांढऱ्या केसावर उपयोग नाही, कारण शोषायला रंगच नाही. केस वाढीच्या अवस्थेत, मुळाला धरून असतानाच उष्णता खाली पोचते. एका वेळी सगळे केस त्या अवस्थेत नसतात, म्हणून सिटिंग अनेक लागतात, चेहऱ्याला साधारण ४ ते ६ आठवड्यांनी आणि अंगाला ६ ते ८ आठवड्यांनी. आणि तिसरी, या धाग्याच्या कामाची: सगळीच मुळं मरत नाहीत. काही अर्धवट भाजून झोपी जातात आणि काही महिन्यांनी बारीक, फिकट केस घेऊन परत उठतात. म्हणून शेवटच्या सिटिंगनंतर लगेच दिसतं तो निकाल धरायचा नाही. वर्षभराने आरशात बघायचं.

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना 'पर्मनंट हेअर रिडक्शन' असं म्हणायची मुभा दिली आहे, म्हणजे केसांच्या संख्येत टिकाऊ घट. 'सगळे केस कायमचे गेले' असा त्याचा अर्थ नाही. आपल्याकडच्या पाट्यांवर मात्र 'केसांपासून कायमची मुक्ती' असतं, त्याला काय करणार. २००६ साली कॉक्रन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने तोवरच्या चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा अलेक्झांड्राइट आणि डायोड या दोन प्रकारच्या लेझरने सहा महिन्यांपर्यंत साधारण ५० टक्के घट दिसली होती. त्यापुढचं, ज्याला दीर्घकालीन म्हणता येईल असं काही, चाचण्यांमध्ये नोंदलेलंच नव्हतं. रानजाई विचारतेय ते तेव्हा कोणी नीट मोजलंच नव्हतं म्हणा ना.

आता गवतीचहा. याला आम्ही पॅराडॉक्सिकल हायपरट्रायकोसिस म्हणतो, लेझरने केस उलट वाढणं. हे २००२ च्या सुमारास आयपीएलच्या संदर्भात प्रथम लिहिलं गेलं. चेहरा आणि मान इथेच जास्त दिसतं, आणि सावळ्या त्वचेच्या, भारत किंवा मध्यपूर्वेकडच्या बायकांमध्ये जास्त. कारण पक्कं सिद्ध नाही. सर्वमान्य अंदाज असा की मूळ मरण्याइतकी उष्णता पोचली नाही, पण ते जागं होण्याइतकी पोचली. नुसत्या लवेवर लेझर मारू नये असं आम्ही सांगतो ते याचसाठी. पीसीओडी असेल तर धोका वाढतो, पण नसतानाही होतं. तुमच्या तपासण्या नॉर्मल आल्या यात मला नवल वाटत नाही.

गवतीचहा

डॉक्टर, मनापासून आभार. इतक्या वर्षांत 'हे लेझरमुळे असू शकतं' असं म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या. मग आता काय करू? परत लेझरच?

आडुळसा

विचित्र वाटेल, पण पुष्कळदा हो. आता ते केस काळे आणि जाड आहेत, म्हणजे लेझरला पकडता येण्याजोगे. फक्त पुरेशी ऊर्जा देणारं खरं लेझर हवं, आयपीएल नको, आणि ते त्वचारोगतज्ज्ञाच्या हातून. कडेच्या लवेला हात लावायचा नाही. थोडेच असतील तर इलेक्ट्रोलिसिस (सुईने वीज देऊन एकेक केस काढणं).

कोकणकन्या७

माझी तक्रार केसांची नाही, डागांची आहे. मी चांगलीच सावळी. मे महिन्यात गावाला जाऊन आले होते, पाय उन्हाने रापलेले. क्लिनिकमध्ये कोणी काही विचारलं नाही, मुलीने गॉगल चढवला आणि सुरू. दर वेळी कढईतली मोहरी अंगावर उडावी तसं चटकायचं, त्या दिवशी मात्र पायभर धग राहिली. दुसऱ्या दिवशी नडगीवर मशीनच्या टोकाच्या मापाचे तपकिरी चौकोन, ओळीने, मधल्या फटींसकट. मोजून सांगता आलं असतं हात कुठून कुठे फिरवला ते. केस म्हणाल तर विरळ झाले, तक्रार नाही. चौकोन जायला दोन पावसाळे लागले. त्या काळात पाय दिसेल असं काही घातलं नाही.

आडुळसा

रापलेल्या त्वचेवर लेझर करायचंच नसतं. त्वचेतलंच मेलॅनिन प्रकाश पिऊन घेतं आणि भाजतं. फिट्झपॅट्रिक यांची त्वचेच्या रंगाची सहा पायऱ्यांची मोजपट्टी आहे, आपण बहुतेक जण त्यात चौथ्या-पाचव्या पायरीवर. सावळ्या त्वचेला १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचं एनडी-याग लेझर सगळ्यांत सुरक्षित, कारण तो प्रकाश वरच्या मेलॅनिनमध्ये कमी अडकतो आणि खोल जातो. डायोड ८०० ते ८१० चं. ते सावकाश पल्स आणि चांगलं कूलिंग ठेवून आपल्याकडे सर्रास आणि नीट चालतं. अलेक्झांड्राइट ७५५ चं, ते गोऱ्यांना मानवतं. सुरक्षिततेची किंमत मोजावी लागतेच: एनडी-यागने बारीक केसांवर परिणाम कमी होतो आणि ते दुखतंही जास्त.

आधी छोट्या जागेवर टेस्ट पॅच मागा. देत नसतील तर उठून या.

पाटीलबुवा

पुरुषांनी लिहिलं तर चालेल ना? माझी मानेवरची दाढी. कुरळे केस, रोज दाढी करायची नोकरी, त्यामुळे केस कातडीत वळून आत शिरायचे, पुळ्या, पू, कॉलर रक्ताने डागाळायची. नागपूरच्या उन्हात हेल्मेटचा पट्टा त्यावर घासला की जीव जायचा. फक्त गळ्याचा भाग केला, वरची दाढी तशीच आहे. एनडी-याग. सहा-सात वर्षं झाली असतील. केस आजही येतात, पण बारीक, आणि आत शिरत नाहीत. वर्षाकाठी एखादं सिटिंग घेतो. मित्रांनी 'पार्लर जॉइन केलं का' म्हणून भरपूर छळलं, त्यातल्या दोघांनी नंतर गुपचूप पत्ता विचारला.

निवडुंग

पाटीलबुवा, त्याच रांगेत मी. माकडहाडाजवळ पिलोनिडल सायनस (केस कातडीत शिरून पू होतो तो आजार), ऑपरेशन झालं, परत झालं. दुसऱ्या खेपेला सर्जननेच सांगितलं की आजूबाजूचे केस लेझरने कमी करून घे. तेव्हापासून त्रास नाही. हे ब्युटीचं काम म्हणून घरी सगळे हसले होते.

आडुळसा

दोघांनीही चांगलं केलंत. या दोन्ही ठिकाणी केस शून्यावर येण्याची गरज नसते, कमी आणि मऊ झाले तरी काम होतं. म्हणून असे पेशंट सगळ्यांत समाधानी असतात.

चकली

पैशांबद्दल कोणीच बोलत नाहीये. मला एका साखळी क्लिनिकने 'लाइफटाइम पॅकेज' विकलं होतं, हप्त्यांवर. हप्ते चालू असताना आमच्या भागातली शाखा बंद. फोन केला तर 'दुसऱ्या शाखेत या', ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. शाखेचं लाइफ संपलं, माझं बाकी होतं.

नवरीच्या पॅकेजचंही तेच. चुलतबहिणीला लग्नाच्या तीन महिने आधी 'पूर्ण अंग, सहा सिटिंग' विकलं. डॉक्टरांनी वर दिलेलं अंतर धरा आणि करा हिशेब. अंगाला सहा सिटिंग म्हणजे सात ते नऊ महिने झालेच.

मुगाचीभजी

घरगुती आयपीएल मशीन घेऊ का? सेलमध्ये आहे. रंग गव्हाळ.

आडुळसा

खोक्यावर त्वचेच्या रंगांची पट्टी असते, त्यात स्वतःचा हात ठेवून बघा. गडद रंगाला चांगली मशीनं फ्लॅशच देत नाहीत, सेन्सर अडवतो. गव्हाळ रंगाला काही चालतात. ऊर्जा मुद्दाम कमी ठेवलेली असते, त्यामुळे वापर थांबला की केस हळूहळू परततात. पायांना ठीक. चेहऱ्याला नको, गवतीचहांची पोस्ट परत वाचा.

तिखटमीठ

माझी आजी म्हणायची, तान्हेपणी अंगावर कणकेचा गोळा नीट फिरवला असता तर पुढे ही थेरं करावी लागली नसती. :)

आडुळसा

तान्ह्या बाळाची लव आपोआपच झडते, गोळ्याला फुकटचं श्रेय मिळतं. वयात येताना केस जाड होतात ते हॉर्मोन्समुळे, त्याला कणीक काय करणार. आणि विषय निघालाय तर रेझरचंही: रेझरने केस जाड होत नाहीत. हे मिल्ड्रेड ट्रॉटर या बाईंनी १९२८ मध्येच तपासून लिहून ठेवलंय. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून खरखरीत लागतं, इतकंच. लेझरच्या आधी तर रेझरच लागतो. वॅक्स आणि थ्रेडिंग निदान चार आठवडे बंद, कारण मूळच उपटलं तर उष्णता न्यायला आत काही उरत नाही.

पावसाळी

रानजाई, तुझी हनुवटी म्हणजे थेट माझी कहाणी. पीसीओडी, हनुवटी आणि वरचा ओठ. लेझर करायचे, जायचे, थांबायचे, यायचे. मग एका डॉक्टरांनी आधी गायनॅककडे पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या (ओसीपी, म्हणजे गर्भनिरोधक गोळ्या, आणि नंतर पुरुषी हॉर्मोन्सना अडवणारं स्पायरोनोलॅक्टोन), वजन थोडं उतरलं, आणि त्यानंतर जे लेझर केलं ते टिकलं. म्हणजे तुलनेने टिकलं. नंतर बाळाचं ठरलं म्हणून गोळ्या बंद केल्या, तर हनुवटीने लगेच हजेरी लावली. बाळ झाल्यावर आता वर्षातून दोनदा टच-अप. ओठ मात्र साफच आहे, का कोण जाणे.

रानजाई

पावसाळी, हेच ऐकायचं होतं गं. मला पॅकेज विकताना पीसीओडी आहे का हे फॉर्मवर लिहून घेतलं होतं, पण त्याचा पुढे निकालाशी काय संबंध, हे कोणी तोंडाने सांगितलं नाही. टिक करून घेतली आणि फाइल बंद.

आडुळसा

इथे सगळ्यात मोठी गफलत होते. लेझर आज असलेल्या केसाला मारतं. अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी हॉर्मोन्स, जास्त असतील तर आज जी लव आहे तिचे उद्या काळे केस होत राहतात. म्हणजे जुने परत आलेत असं वाटतं, त्यातले कितीतरी नवीन असतात. हनुवटी, जबडा, ओठ, छाती, बेंबीखालची रेघ या अँड्रोजेनला दाद देणाऱ्या जागा. काखांचे आणि पायांचे केस वयात येताना एकदा येऊन स्थिरावतात, तिथे नव्याची भरती फारशी नसते. रानजाईच्या तीन निकालांचं कारण हे.

गोळ्यांचा परिणाम दिसायला सहा महिने तरी लागतात. स्पायरोनोलॅक्टोनवर असताना गर्भ राहू द्यायचा नसतो, त्यामुळे मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणू नका. आणि कोणाला काही महिन्यांतच भराभर केस वाढले, पाळी गेली, आवाज घोगरा झाला, तर लेझर बाजूला ठेवून आधी एंडोक्रायनोलॉजिस्ट (हॉर्मोन्सचे डॉक्टर). क्वचित अंडाशयाची किंवा अॅड्रिनल ग्रंथीची गाठ त्यामागे असते.

मुगाचीभजी

आणखी एक विचारू? दुखतं म्हणून घरूनच सुन्न करायचं क्रीम पूर्ण पायांना लावून वर प्लॅस्टिक गुंडाळून जायचं, असं एका व्हिडिओत होतं.

आडुळसा

अजिबात नाही!! ओठाला, काखेला, सांगितलेल्या मापात ठीक. मोठ्या भागावर थापून प्लॅस्टिक गुंडाळलं की औषध रक्तात जातं. असं करून लेझरला निघालेल्या दोन तरुण मुली अमेरिकेत दगावल्या, त्यावर एफडीएने २००७ साली जाहीर इशारा दिला होता.

एडिसनची_माई

न्यू जर्सीहून. माझं वय साठीकडे. हनुवटीवरचे केस आता निम्मे पांढरे. लेझरवालीने प्रामाणिकपणे सांगितलं, 'काळे घालवीन, पांढरे तसेच राहतील.' मग इलेक्ट्रोलिसिस धरलं. एकेका केसाच्या मुळात बारीक सुई घालून वीज देतात. कंटाळवाणं काम, एका बैठकीत टीचभर जागा होते, आणि टोचतं. पण गेलेला केस गेला. रंगाशी काही देणंघेणं नाही. हे तंत्र १८७५ पासूनचं आहे म्हणे, डोळ्यात वळणारे पापण्यांचे केस काढायला एका डोळ्यांच्या डॉक्टरने सुरू केलेलं.

पाय मात्र चाळिशीत लेझरने केले होते, ते अजून छान. इथल्या थंडीत बघतं कोण म्हणा.

गवतीचहा

माई, भारतात इलेक्ट्रोलिसिस नीट करणारं कोणी मिळेल का? पार्लरमध्ये विचारलं तर लेझरचंच कार्ड हातात ठेवतात.

आडुळसा

करणारे कमी आहेत, पण आहेत. मोठ्या शहरातल्या त्वचारोग विभागाच्या ओपीडीत विचारा. तिथे लेझरही खाजगीपेक्षा पुष्कळ स्वस्तात होतं, फक्त नंबर लागायला थांबावं लागतं. सुई प्रत्येक वेळी नवीन, सीलबंद, तुमच्यासमोर फोडलेली हवी.

रानजाई

सध्या जमलेलं असं दिसतंय: काखा, पोटऱ्या, गळ्याची दाढी, माकडहाड यांवर सगळे खूश. चेहऱ्यावर पीसीओडीवाल्यांचं कायमचं येणं-जाणं. मी हनुवटीचं पुढचं पॅकेज घेत नाहीये. आधी पाळीचं आणि साखरेचं बघते, मग लागेल तसं एकेक सिटिंग, सुटे पैसे देऊन. बाकीच्यांनी लिहीत राहा. पाठीचं, पोटाचं आणि बिकिनी लाइनचं अजून कोणीच लिहिलेलं नाही, लाजू नका.

सदाफुली_लंडन

बिकिनी लाइन, अलेक्झांड्राइट, लंडन. मी बऱ्यापैकी गोरी, केस काळे कुळकुळीत, हॉर्मोन्सचं काही नाही. नऊ-दहा वर्षं झाली, मध्ये दोन बाळंतपणं. पहिल्यानंतर काही फरक नाही. दुसऱ्यानंतर एका बाजूला थोडे आलेत, उजवीकडेच. पाठीचं नवऱ्याला लिहायला सांगते, त्याचं तीनच वर्षांत जैसे थे झालंय.